ज्वारी माणसाला, कडबा जनावराला

रब्बीच्या ज्वारीचं कणीस खुडलं की दाणा घरात येतो आणि धाटांचा कडबा गोठ्याकडे जातो. ही वाटणी कोणी ठरवली असा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात कधी पडत नाही, कारण कडबा खाऊन माणूस जगत नाही हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण दोन्ही प्रयोगशाळेत नेले तर निकाल थक्क करणारा येतो. दाण्याच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग स्टार्च असतो. तो आम्लात उकळून फोडला की हाती ग्लुकोज येतं. कडब्याचा मोठा भाग सेल्युलोज असतो. तो फोडायला आम्ल बरंच तीव्र लागतं, पण शेवटी हाती येतं तेही ग्लुकोजच. तेच सहा कार्बन, तेच बारा हायड्रोजन, तेच सहा ऑक्सिजन. एका झाडाने पानांत तयार केलेल्या एकाच साखरेपासून कणसात अन्न झालं आणि धाटात वासा झाला.

फरक आहे तो जोडणीचा. कर्बोदकांविषयी हल्ली खूप बोललं जातं, पण ते वजन आणि मधुमेह यांच्यापुरतं: ‘कार्ब्ज’ किती खाल्ले, किती टाळले. शाळेच्या पुस्तकात ती भेटतात ती तक्त्यात: स्टार्च साठवणीसाठी, सेल्युलोज आधारासाठी, पुढचा प्रश्न. या दोन्ही ठिकाणी मूळची मौजेची गोष्ट निसटून जाते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण साखरेचे रेणू एकमेकांना कोणत्या बाजूने, किती लांब आणि किती फाटे देऊन जोडले आहेत एवढ्यावरून त्या पदार्थाचं काम जवळजवळ ओळखता येतं. जीवशास्त्रात इतका स्वच्छ हिशोब फार थोड्या ठिकाणी दिसतो.

ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ मिटलेल्या कड्याच्या रूपात असतो. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून सहा कोपऱ्यांचं कडं होतं, सहावा कार्बन त्याच्या बाहेर राहतो. कड्यातल्या पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते आणि तिला दोन दिशा मोकळ्या असतात. नेहमीच्या आकृतीत ती खाली दाखवली तर तो अल्फा प्रकार, वर दाखवली तर बीटा. सुट्या ग्लुकोजमध्ये या फरकाला फारसा अर्थ नाही. कडं उघडतं, पुन्हा मिटतं, आणि अल्फाचं बीटा होऊन जातं. पण हा पहिला कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी बांधला गेला की दिशा पक्की होते. स्टार्चमध्ये ही गाठ अल्फा असते, सेल्युलोजमध्ये बीटा.

एवढ्याशा फरकाने काय होतं ते डोळ्यांसमोर आणायचं तर हात धरून उभ्या असलेल्या माणसांची रांग मनात आणावी. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला ठेवून प्रत्येकाने थोडं थोडं वळायचं ठरवलं तर रांग वाकत जाते आणि गोल फिरते. त्याऐवजी एकाचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे, तिसऱ्याचं पुन्हा पुढे असं उभं केलं तर वळणं एकमेकांना खोडून काढतात आणि रांग सरळ राहते. अल्फा जोडणीत साखळी पहिल्या रांगेसारखी वळते आणि तिचं मळसूत्र होतं, साधारण सहा ग्लुकोजांना एक वेढा. बीटा जोडणीत प्रत्येक ग्लुकोज शेजाऱ्याच्या मानाने उलटं बसतं, आणि साखळी सपाट, ताठ पट्टीसारखी होते.

आता आधी दाण्याकडे जाऊ. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी चिकात असते तेव्हा आगटीत भाजून, तळहातावर चोळून हुरडा खातात. तो गोड लागतो, कारण पानांकडून दाण्यात आलेल्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर अजून पुरतं झालेलं नसतं. थोडे दिवस गेले की तोच दाणा टणक, पिठूळ आणि अगोड होतो. झाडाने साखर फेकून दिलेली नाही, बांधून ठेवली आहे. कच्च्या केळ्यात हाच व्यवहार उलट्या दिशेने दिसतो. कच्च्या केळ्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका किंवा त्याहून थोडा जास्त स्टार्च असतो. अढीत केळं पिकलं की तो जवळजवळ सगळा सुटून साखर होतो.

ही बांधाबांध झाड कशासाठी करतं? सुटी साखर पाणी ओढते. पेशीत विरघळलेल्या कणांची संख्या जितकी जास्त, तितकं बाहेरचं पाणी आत शिरू पाहतं. या नियमाला कणाचा आकार दिसत नाही, फक्त संख्या कळते. एक ग्लुकोज हा एक कण, आणि एकत्र बांधलेली लाखभर ग्लुकोज हाही एकच कण. दाण्यातली सगळी साखर सुटी राहिली असती तर पेशी पाण्याने फुगल्या असत्या, दाणा कधी वाळला नसता, त्याला बुरशी लागली असती. बांधलेली साखर मात्र कोरड्या, घट्ट कणांच्या रूपात बसते. सोलापूर-सातारा भागात जमिनीखालच्या पेवांत ज्वारी वर्षानुवर्षं टिकत असे ती याच जोरावर. बीजाच्या दृष्टीनेही हे सोयीचं आहे, कारण पाऊस येईपर्यंत शिदोरी जागच्या जागी राहते.

स्टार्च म्हणजे दोन प्रकारच्या साखळ्यांचा मेळ. अमायलोज ही बिनफाट्याची, काही हजार ग्लुकोजांची साखळी. अमायलोपेक्टिन हा फाट्याफाट्यांचा प्रचंड रेणू, ज्यात लाखो ग्लुकोज असू शकतात. त्याच्या साखळीला साधारण २४ ते ३० ग्लुकोजांमागे एक फाटा फुटतो, आणि तो पहिला कार्बन शेजाऱ्याच्या सहाव्या कार्बनला जोडून निघतो. बहुतेक धान्यांत अमायलोज पाव हिश्शाच्या आसपास असतं, बाकी अमायलोपेक्टिन. या प्रमाणाचा परिणाम रोज ताटात दिसतो. ज्या तांदळात अमायलोज जास्त त्याचा भात मोकळा होतो, ज्यात कमी त्याचा आसट आणि चिकट. आसामच्या बोरा तांदळात ते जवळजवळ नसतंच, म्हणून तो भात गोळा होऊन बसतो.

स्टार्चचा कण थंड पाण्यात विरघळत नाही, नुसता खाली बसतो. पाणी साठ-सत्तर अंशांच्या वर तापलं की कणाची आतली घडी मोडते, साखळ्या पाणी धरतात, कण फुगतो आणि अमायलोज बाहेर झिरपतं. मोदकाची उकड काढतात तेव्हा पातेल्यात हेच घडत असतं. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे थंड पाण्यात भिजवलेल्या पिठाची पारी करायला गेलं तर ती फाटते. उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ आणली की स्टार्च स्वतःच चिकटवणारा होतो आणि पारीला पाकळ्या पाडता येतात. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे अंगचा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, तेव्हा घरातली जाणती बाई पीठ कढत पाण्यात मळते. तिथेही हाच उपाय असतो. पुढे भाकरी थंड झाली की मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, पाणी सोडतात, आणि भाकरी कडक होते. शिळ्या भाकरीचा कडकपणा सगळाच वाळल्यामुळे येत नाही. त्यातला बराच भाग साखळ्यांच्या या फेरजुळणीचा असतो, म्हणूनच ती गरम केली की काही वेळ पुन्हा मऊ पडते.

अमायलोजचं मळसूत्र आतून पोकळ असतं. आयोडीनचा थेंब टाकला की आयोडीनचे अणू त्या पोकळीत ओळीने जाऊन बसतात आणि गडद निळा रंग येतो. शाळेतला हा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. सेल्युलोजची साखळी सरळ, तिला पोकळी नाही, म्हणून शुद्ध कापसावर आयोडीन निळं पडत नाही. नोटा तपासायचे आयोडीनचे पेन असतात ते याच फरकावर चालतात. नोटेचा कागद कापसाचा आणि बिनस्टार्चचा असतो, तर छपाईच्या साध्या कागदात बहुधा स्टार्च घातलेला असतो आणि त्यावर ओढलेली रेघ काळी उमटते.

झाड एका जागी उभं असतं, त्याला घाई नसते. अंकुर दिवसादिवसाने वाढतो आणि त्या वेगाने स्टार्च सुटला तरी चालतं. प्राण्याचं तसं नाही. कुत्रा मागे लागला की पायाच्या स्नायूंना त्याच क्षणी ग्लुकोज हवं असतं. प्राण्यांनी साखर कशी साठवली याचा शोध लावला फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी. साखर तयार करणं हे फक्त वनस्पतींचं काम, प्राणी ती खाऊन संपवतात, असं त्या काळी मानलं जाई. १८५५ मध्ये बर्नारनी नुकत्याच मेलेल्या प्राण्याचं यकृत घेतलं, त्याच्या रक्तवाहिनीतून पाण्याची धार सोडली आणि साखरेचा अंश उरला नाही अशी खात्री होईपर्यंत ते धुऊन काढलं. मग ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यात पुन्हा भरपूर साखर होती. रक्त नाही, अन्न नाही, तरी साखर आली, म्हणजे ती यकृतातच कशाच्या तरी रूपात दडलेली होती. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा केला. तोच ग्लायकोजेन.

रचनेच्या दृष्टीने ग्लायकोजेन हा अमायलोपेक्टिनचा सख्खा भाऊ. तीच अल्फा जोडणी, तसेच फाटे, पण फाट्यांची दाटी कितीतरी जास्त: दर ८ ते १२ ग्लुकोजांना एक. सगळं मर्म या दाटीत आहे. ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम साखळीच्या मधोमध घाव घालू शकत नाही. त्याला मोकळं टोक लागतं आणि तिथून ते एकेक ग्लुकोज सोडवत येतं. बिनफाट्याच्या साखळीला असं टोक एकच मिळालं असतं. पूर्ण वाढलेल्या ग्लायकोजेनच्या एका रेणूत सुमारे ५५,००० ग्लुकोज असतात आणि मोकळी टोकं दोन हजारांच्या आसपास. म्हणजे दोन हजार ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होऊ शकतं, आणि जेवणानंतर साखर परत साठवायची तेव्हाही तितक्याच ठिकाणी. ग्लायकोजेनचं हे बांधणं आणि सोडणं उलगडून दाखवल्याबद्दल गर्टी कोरी आणि कार्ल कोरी या पतिपत्नींना १९४७ चं नोबेल मिळालं.

पाण्याचा हिशोब इथेही लागू आहे, आणि तो आकड्यांत पाहण्यासारखा आहे. यकृताच्या पेशीतलं ग्लायकोजेन सुटं केलं तर आतल्या ग्लुकोजची तीव्रता रक्तातल्या तीव्रतेच्या ऐंशीपट होईल. तेवढी साखर सुटी ठेवली तर पाणी आत घुसून पेशी फुटेल. बांधलेल्या रूपात तीच साखर पाण्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखी असते.

मोठ्या माणसाच्या यकृतात अशी सुमारे शंभर ग्रॅम शिल्लक असते आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशेच्या आसपास. यकृत आपली शिल्लक रक्तात सोडून मेंदूला पोसतं. स्नायू आपली शिल्लक कोणाला देत नाहीत, कारण साखर रक्तात सोडायला लागणारं शेवटचं एन्झाइमच त्यांच्याकडे नाही. म्हणून दिवसभराच्या कडक उपासात यकृताचा साठा तळाला जातो आणि मांड्यांचा बराचसा तसाच राहतो. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्लायकोजेन साठतं ते पाण्यासकट, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. एकदम खाणं तोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो तो बऱ्याच अंशी या ग्लायकोजेनमुळे आणि पाण्यामुळे. चरबी इतक्या लवकर हलत नाही. पहिल्या आठवड्याचा आकडा दाखवून डाएटच्या योजना विकल्या जातात, त्या घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

फाट्यांचं महत्त्व किती, याचा पुरावा एका दुर्मीळ आजाराने दिला आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी त्याचं वर्णन केलं. या बाळांमध्ये ग्लायकोजेनला फाटे फोडणारं एन्झाइम जन्मतः नीट काम करत नाही. त्यांच्याकडे ग्लुकोज तेच असतं, अल्फा जोडणीही तीच असते, कमी पडतात ते फक्त फाटे. लांबच लांब साखळ्यांचा हा पदार्थ स्टार्चच्या वळणाचा होतो, नीट विरघळत नाही आणि पेशीत साचत जातो. नेहमीच्या तीव्र प्रकारात यकृत निबर होऊन निकामी होतं आणि यकृत बदललं नाही तर मूल बालपणीच दगावतं. बटाट्यात जी रचना बिनतक्रार चालते, तीच बाळाच्या यकृतात जीवघेणी ठरते.

आता सेल्युलोजकडे, आणि त्यासाठी विदर्भातल्या कापसासारखं उदाहरण नाही. सरकीवरचा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते, अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढलेली. लांबी पुरी होत आली की ती आतून भिंतीवर भिंत चढवत जाते, आणि बोंड उकलून पेशी मरते तेव्हा मागे उरतं ते नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध सेल्युलोज. एकेका साखळीत दहा हजारांच्या वर ग्लुकोज असतात आणि फाटा एकही नसतो. साखळ्या ताठ असल्यामुळे शेजारी शेजारी अगदी घट्ट बसतात आणि एकीच्या हायड्रोजनचा दुसरीच्या ऑक्सिजनशी बंध जुळतो. एक बंध दुबळाच असतो, पण हजारो ओळीने लागले की पाण्यालाही आत शिरायला फट मिळत नाही. ग्लुकोजचा प्रत्येक रेणू पाण्याला आवडीने धरणारा, तरी त्यांच्यापासून बनलेला धागा पाण्यात विरघळत नाही. परीट सुती कपडे भट्टीत तासन्‌तास उकळत, आणि धोतर धोतरच राहत असे. त्याच कढत पाण्यात तांदळाच्या पिठाची उकड होते. नंतर त्याच धोतराला भाताच्या पेजेची खळ दिली जाई. म्हणजे अल्फा ग्लुकोजचा लेप बीटा ग्लुकोजच्या धाग्यावर, आणि दोघांच्या हायड्रोजन-बंधांमुळे तो पक्का बसत असे.

सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो. रेयॉनही सेल्युलोजचाच, पण तो विरघळवून पुन्हा धागा काढलेला. त्याच्या साखळ्या आखूड झालेल्या आणि मांडणी सैल, म्हणून ओला झाल्यावर तो दुबळा पडतो. द्रव्य सारखं असूनही नुसत्या रचण्याने एवढा फरक पडतो.

आपल्या लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे अल्फा साखळीच्या वळणाला बसेल अशा खाचेचं एन्झाइम आहे. सपाट, ताठ बीटा साखळी त्या खाचेत बसतच नाही. गाईच्या शरीरातही सेल्युलोज फोडणारं एन्झाइम तयार होत नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. ती ते काम कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांवर सोपवते. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरांच्या आसपास असतं. रवंथ करून कडब्याचे तुकडे बारीक होतात, सूक्ष्मजीव साखळ्या फोडून ग्लुकोज स्वतः वापरतात, आणि त्यांनी टाकून दिलेल्या आखूड मेदाम्लांवर गाय जगते. तरी कडब्यातलं न पचणारं लिग्निन आणि त्यात अडकलेलं सेल्युलोज शेणातून बाहेर पडतंच. आपल्या मोठ्या आतड्यातही असे जीवाणू आहेत, प्रमाण लहान. भाजीपाल्यातल्या चोथ्याचा काही भाग ते आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या ब्युटिरेट या तशाच आखूड मेदाम्लावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात. न पचणाऱ्या कर्बोदकाला निरुपयोगी म्हणायची सोय राहिलेली नाही ती यामुळे.

सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोजवर एक बदल केला, दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजन असलेला असिटाइल गट बसवला, की कायटिन होतं. सरळ साखळी तीच, बीटा जोडणी तीच, पण हायड्रोजन-बंधांना जागा आणखी. कोळंबीचं कवच, चिंबोरीची नांगी, झुरळाचे पंख, अळंबीच्या पेशींच्या भिंती, सगळीकडे कायटिन आहे, आणि चिंबोरीत त्याला कॅल्शियम कार्बोनेटची भर पडते. कालवण कितीही उकळलं तरी कोळंबीचं कवच विरघळत नाही याचं कारण धोतरासारखंच. जीवाणूंनी आपल्या भिंतीत अशाच साखळ्यांना आखूड प्रथिनांचे आडवे टाके घातले. आपल्या अश्रूंतलं लायसोझाइम या भिंतीतली साखळी तोडतं आणि पेनिसिलिन आडवे टाके पडू देत नाही. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे ते औषध जीवाणूला मारतं आणि आपल्या पेशींना सोडून देतं. गुडघ्याच्या सांध्यातल्या हायलुरोनिक आम्लात प्रत्येक दुसऱ्या साखरेवर ऋण प्रभार असतो. प्रभार एकमेकांना ढकलतात, साखळी पसरते, भोवती भरपूर पाणी धरते, आणि तेच सांध्याचं वंगण होतं.

इथपर्यंतच्या साखळ्या साठवतात, आधार देतात किंवा पाणी धरतात. पण साखरेचं आणखी एक काम आहे ओळख पटवण्याचं, आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटतं. तीन वेगवेगळी अमिनो आम्लं ओळीने जोडायची तर सहाच क्रम होतात. तीन वेगवेगळ्या साखरा जोडायच्या तर हजाराहून जास्त रचना निघतात, कारण प्रत्येक साखरेला जोडायला अनेक कार्बन आहेत, प्रत्येक गाठ अल्फा किंवा बीटा होऊ शकते, आणि फाटेही फुटू शकतात. इतक्या थोड्या जागेत इतका मजकूर दुसऱ्या कोणत्या रेणूत मावत नाही. पेशींनी आपल्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या आखूड साखळ्या लावल्या आहेत, आणि आपलं कोण, परकं कोण हे पुष्कळ वेळा त्यांवरूनच ठरतं.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ओळखलेले रक्तगट म्हणजे हेच. लाल पेशीवरच्या एका साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. त्याला फ्युकोज नावाची साखर जोडली की त्या रचनेला एच म्हणतात. एचवर आणखी एक एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन चढलं तर गट ए. त्या जागी साधं गॅलॅक्टोज चढलं तर गट बी. दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतील तर एबी, आणि काहीच न चढता एच तसाच उघडा राहिला तर ओ. ए आणि बी यांच्यातला फरक एका साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरच्या एका गटाचा, आणि चुकीची बाटली चढवली तर तेवढ्याने माणूस मरू शकतो. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक गोल्डस्टीन यांच्या गटाने कॉफीच्या बियांतलं एक एन्झाइम वापरून बी पेशींवरचं ते शेवटचं गॅलॅक्टोज कापलं आणि बी रक्ताचं ओ करून दाखवलं.

यातला मोठा शोध मुंबईत लागला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या प्रकारच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. त्या रक्तावर ए-विरोधी द्रव टाकला तर गुठळी नाही, बी-विरोधी टाकला तरी नाही, म्हणजे नेहमीच्या चाचणीत ओ. पण त्या माणसांचा सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता, जे ओ गटाच्या माणसात कधी होत नाही. याचा उलगडा साखळीत आहे. या माणसांमध्ये फ्युकोज जोडणारं एन्झाइम नसतं. फ्युकोज नाही म्हणून एच नाही, आणि एच नाही म्हणून ए किंवा बीची जनुकं असली तरी त्यांच्या साखरेला बसायला जागा नाही. ज्या एचची रचना जगातल्या जवळजवळ सगळ्या माणसांत असते, तीच त्यांच्या शरीराला परकी वाटते. या गटाला ‘बॉम्बे’ गट असंच नाव पडलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. आईची चाचणी ओ दाखवते आणि मूल एबी निघतं, असंही या गटात होऊ शकतं, कारण न दिसलेलं जनुक आईने पुढे दिलेलं असतं. मुलाचा गट आईबापांच्या गटांत बसत नाही म्हणून घरात संशय उभा करण्याआधी ही शक्यता तपासून घेतली पाहिजे.

आपला गट ओ असेल तर रक्तपेढीत एक प्रश्न जरूर विचारा: पेशींची चाचणी झाली तशी माझ्या सीरमची ओ पेशींवर उलट चाचणी झाली आहे का? ती साधी आणि स्वस्त चाचणी आहे, आणि बॉम्बे गट तिच्यात उघडा पडतो. तो निघाला तर सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या, कारण प्रत्येकात तो असण्याची शक्यता किमान चारांत एक असते. आणि दुर्मीळ रक्तदात्यांच्या नोंदणीत आपलं नाव आणि फोन नंबर द्या. बॉम्बे गटाच्या माणसाला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाखेरीज कोणाचंही रक्त चालत नाही.